एकच टेकडी, बारा फेऱ्या: शेजाऱ्यांना घेऊन निसर्गफेरी कशी सुरू करायची

पोस्टात काउंटरवर ३४ वर्षं काढून मी निवृत्त झाले, तेव्हा डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेसाठी रोज तासभर चालायला सांगितलं. घर पुण्यात कोथरूडला, म्हणून जवळची वेताळ टेकडी. पहिली दोन वर्षं मी टेकडी पाहिलीच नाही, मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग एका फेब्रुवारीत, अंगावर एकही पान नसलेल्या झाडाला तळहाताएवढी पिवळीधमक फुलं दिसली. बाजूने चालणाऱ्या तिघांना विचारलं. एक म्हणाले सोनमोहोर, दुसरे म्हणाले बहावा, तिसऱ्यांनी कानातली वायर काढलीच नाही. ते झाड गणेर आहे हे कळायला मला आठवडा लागला. दोन वर्षं रोज ज्याच्यासमोरून जात होते त्याचं नाव माहीत नाही! पोस्टात अपुऱ्या पत्त्याचं पत्र परत जातं, आणि मी इथे रोज पोचत होते.

त्यातून आमची महिन्याची फेरी सुरू झाली. आता सहावं वर्ष चालू आहे. ‘आमच्याकडेही असं काही करता येईल का?’ म्हणून विचारणाऱ्यांना फोनवर तेच तेच सांगून घसा दुखतो, म्हणून एकदा लिहून ठेवते. मी बी.कॉम. आहे. हे आधीच सांगते, कारण बहुतेक जण ‘आम्हाला कुठे काय येतं’ या पहिल्याच पायरीवर बसून राहतात.

पहिला कार्यक्रम कसा फसला

हौस दांडगी होती. ५ जून गाठला, जागतिक पर्यावरण दिन. सात-आठ सोसायट्यांच्या फलकांवर कागद लावले. ऐंशीच्या आसपास माणसं आली. एका कंपनीने टी-शर्ट, रोपं आणि समोसे दिले. लाउडस्पीकर होता. आम्ही टेकडीच्या सपाट, मोकळ्या, ‘रिकाम्या’ भागात खड्डे खणून रोपं लावली, फोटो काढले आणि घरी आलो.

पुढच्या मार्चला मी मोजायला गेले. जगलेली रोपं एका हाताच्या बोटांवर मावली, आणि त्यातलं एक गिरिपुष्पाचं, म्हणजे परदेशी झाडाचं होतं. त्याहून मोठी चूक कळायला आणखी वर्ष गेलं. आम्ही खणला तो भाग रिकामा नव्हताच. तो गवताचा माळ होता. चंडोल तिथेच जमिनीवर घरटं करतो, टिटवी तिथेच अंडी घालते, आणि पावसाळ्यात कंदातून वर येणारी कितीतरी फुलं तिथेच उगवतात. आपल्याकडे झाड नसलेल्या जमिनीला सातबाऱ्यापासूनच ‘पड’ म्हणायची सवय. आम्ही चांगुलपणाच्या भरात एक नांदतं घर उकरून आलो होतो. आणि त्या दिवशी आलेल्या मुलांना आठवतात ते समोसे.

तेव्हापासून पाच गोष्टी बंद: लाउडस्पीकर, टी-शर्ट, प्रायोजक, मोठा जमाव आणि ५ जून.

जागा एकच, वाट एकच

दर महिन्याला नवी जागा दाखवण्याचा मोह होतो. सिंहगड, मग ताम्हिणी, मग कास. ती सहल झाली. सहल चांगलीच असते, पण सहलीतून आलेला माणूस त्या जागेसाठी पुन्हा उठत नाही. फेरीसाठी घरापासून चालत किंवा एका रिक्षेत पोचता येईल अशी एक जागा धरा आणि तीच वर्षभर चाला. टेकडी नसेल तर ओढ्याचा काठ, गावतळं, स्मशानाजवळची चिंचेची राई, देवराई, शाळेमागचं माळरान, काहीही चालेल. मुंबईला माझी बहीण राहते, ती किनाऱ्यावर जाते. तिला पंचांगच लागतं, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सगळ्यात जास्त हटते आणि खडकांतली डबकी उघडी पडतात.

वाट एक किलोमीटरच्या आत ठेवा. हसू नका. आम्हाला तेवढ्याला दोन तास लागतात. आमच्या वाटेवर सात थांबे आहेत आणि त्यांना मुलांनीच नावं दिली आहेत: गणेर, वारूळ, तिरकं झाड, खाणीचा कठडा, मोईचा घोळका, गवत आणि ‘आजी दमते तो दगड’. नाव पडलं की जागा लक्षात राहते, आणि पुढच्या महिन्यात ‘तिरक्या झाडाला पालवी आली का?’ असा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात.

फेरीआधी आठवडाभरात एकदा एकटीने ती वाट चालून या. कुठे खड्डा पडला, कुठे आग्या मोहोळ बसलं, कुठे बाटल्या फुटल्या, कशाला फूल आलं, हे बघून ठेवायचं. हा एक तास ज्यांनी वाचवला त्यांची फेरी मध्येच अडकते.

परवानगीचं लोक विसरतात. वेताळ टेकडीचा बराच भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा. आपली जागा कोणाची ते आधी शोधा. दहा-बारा माणसं चालायला गेली तर सहसा कोणी विचारत नाही, पण काही उपटायचं, लावायचं, उचलायचं असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घ्याच. वनरक्षकाची आधी ओळख करून घेतली तर आणखी बरं. आमच्या भागातल्या वनरक्षकांनी आम्हाला जितकं दाखवलं तितकं कोणत्या पुस्तकाने दाखवलं नाही.

माणसं

बारा ते पंधरा. सोळाव्याला पुढच्या महिन्याचं निमंत्रण. पंधराच्या पुढे गेलं की मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. पुढे एक जण वाट धरणारा आणि शेवटी एक जण ‘शेपूट’. शेपटाच्या मागे कोणी राहायचं नाही, एवढा एकच कडक नियम. मुलांबरोबर घरचं मोठं माणूस हवंच. सोडून जाऊन दोन तासांनी न्यायला येणारे पालक आम्ही घेत नाही, कारण ती शिकवणी नव्हे.

दिवस पक्का ठेवा. आमचा दुसरा रविवार, उन्हाळ्यात सहाला, थंडीत पावणेसातला. ग्रुपवर मी जो निरोप टाकते तो असा असतो: ‘रविवारी सहा वाजता पायथ्याच्या फाटकाशी. सव्वासहाला निघू, थांबणार नाही. बूट, पूर्ण पँट, पाण्याची बाटली, टोपी. अत्तर-स्प्रे नको. मोबाइलवर गाणी नकोत. पाऊस असेल तरी फेरी आहे, विजा असतील तर नाही.’ शुभ सकाळचं फूल त्या ग्रुपवर टाकायचं नाही, हा नियम टिकवताना मी वाईटपणा घेतला आहे. घेतलेला बरा.

अत्तराचं कारण आग्या मोहोळ. या माशा उग्र वासाने आणि धुराने बिथरतात. मोहोळ दिसलं की लांबून वळसा. चुकून उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका, तोंड झाकून दूर पळा. सापांसाठी बूट आणि हातातली काठी, आणि दगड उलटायला पूर्ण बंदी. आपल्या खडकाळ माळांवर फुरसं असतं, ते दगडाखालीच बसतं. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून आवळायचं नाही. माणसाला न हलवता बसवा, धीर द्या, १०८ ला फोन करा आणि विषावरची लस असलेल्या रुग्णालयात न्या. ते रुग्णालय कोणतं, हे फेरीच्या आधी माहीत असायला हवं. सहा वर्षांत आम्हाला ही वेळ आली नाही. एकदा एका काकांना कुसळं टोचली, तेवढ्यावर त्यांनी महिनाभर सगळ्यांना कथा सांगितली.

दोन तासांत करायचं काय

भाषण करायचं नाही. जाणकार पाहुणा बोलावलात तर त्यांनाही आधी हात जोडून सांगा. एका फेरीला एक फार विद्वान गृहस्थ आले होते. पहिल्याच झाडापाशी त्यांनी २५ मिनिटं लॅटिन नावं सांगितली. त्यांच्या पाठीमागे फांदीवर वेडा राघू माशी पकडून आपटून खात होता, तो सगळ्या मुलांनी पाहिला, त्यांनी नाही.

आमचे हुकमी खेळ असे.

चार मीटर सुतळी घ्या, तिच्या टोकांना गाठ मारा आणि चार जणांनी धरून जमिनीवर चौकोन करा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. दहा मिनिटं त्या चौकोनाबाहेर बघायचं नाही. आत किती तऱ्हेची पानं, किती तऱ्हेचे किडे, किती बिळं, किती विष्ठा, सगळं मोजायचं. नाव नाही आलं तरी चालेल, ‘केसाळ पान’, ‘लाल पोटाची मुंगी’ असं लिहायचं. ऑगस्टमध्ये एकेका चौकोनात पंधरा-वीस तऱ्हा सहज निघतात. तोच चौकोन एप्रिलमध्ये घातला तर मुलं म्हणतात, ‘आजी, सगळं मेलं.’ मग जूनमध्ये परत घालायचा. हे शिकवून होत नाही, त्यासाठी तीन वेळा तिथे यावंच लागतं.

दुसरा कुसळाचा. थंडीच्या सुरुवातीला कुसळी गवत पिकतं आणि त्याची कुसळं मोज्यांत शिरून जीव खातात. तीच काढून तळहातावर ठेवा. शेपटी दोरीसारखी पिळलेली दिसेल. तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि थांबा. ती पीळ सोडत आपोआप गरगर फिरायला लागते. ओल आली की फिरायचं, सुकली की परत पीळ घ्यायचा, असं करत ते टोकदार बी स्वतःला जमिनीत रुतवून घेतं. हा प्रयोग पाहून आमच्याकडे एका सत्तरीतल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. तोवर त्यांनी आयुष्यभर कुसळांना शिव्याच दिल्या होत्या.

तिसरा म्हणींचा. ‘पळसाला पानं तीनच’ म्हणतात ते खरं का? जा आणि मोजा. मुलं पाच-दहा देठ तपासून येतात, तीन-तीन पानांचा जुडगा खरा निघतो. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारते की ही तीन पानं की एकाच पानाचे तीन भाग? वनस्पतिशास्त्र म्हणतं, एकाच पानाचे तीन भाग. हा प्रश्न मुलांकडून येईपर्यंत गप्प बसायचं.

आणि दर फेरीला दहा मिनिटं पूर्ण शांत. बसायचं, डोळे मिटायचे, ऐकू आलेल्या प्रत्येक आवाजाला एक बोट दुमडायचं. मोठ्यांना हे मुलांपेक्षा अवघड जातं.

नाव माहीत नसलं की ‘माहीत नाही’ म्हणा. मी पहिल्या वर्षी लाजेखातर ठोकून द्यायचे. एकदा मोईला सालई म्हणून बसले आणि मुलांनी ते शाळेच्या प्रकल्पात लिहिलं. आता वहीत शंकांचा वेगळा रकाना आहे, आणि सगळ्यात जास्त भरलेला तोच.

महिने

वर्षाची सुरुवात जानेवारीत करू नका, जूनमध्ये करा. ७-८ जूनला मृग लागतो. पहिल्या सरीनंतर मखमली लाल मृगाचे किडे ओल्या मातीवर फिरायला लागतात, वाळवीचे पंखवाले वारुळातून धुरासारखे निघतात आणि त्यांच्यावर कोतवाल, बुलबुल, मैना, कावळे सगळे तुटून पडतात. चातक आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून याच सुमाराला येतो. पावशा ‘पेर्ते व्हा’ ओरडत असतोच. पहिल्यांदा आलेल्या माणसाला जूनची फेरी अशी काही पकडते की तो जुलैत चिखलातही येतो.

जुलैची फेरी खाण्याची. टाकळा आणि कुरडू कोवळा असतो. पण इथे मला माझी जागा कळली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मुळशीकडच्या. त्यांना मी सहज बोलावलं. वाटेत मी ज्याला तण म्हणत होते अशा नऊ वनस्पती त्यांनी नावानिशी दाखवल्या, कोणती कधी खुडायची, कोणती चिंच घातल्याशिवाय घशाला खाजते, कोणती बाळंतिणीला द्यायची. तेव्हापासून जुलैची फेरी मावशींची. त्यांना मानधन देतो, पाकिटात घालून आणि सगळ्यांसमोर; इतर पाहुण्यांना देतो तेवढंच. तुमच्या गल्लीतही अशी माणसं आहेत: भाजीवाल्या आजी, वॉचमनदादा, मेंढपाळ. त्यांना आधी विचारा. फक्त टेकडीवरून खुडून खायचं नाही आणि मुलांना तर मुळीच नाही. कळलावी तिथेच उगवते, फूल ज्वाळेसारखं सुंदर आणि कंद जीवघेणा. चव घ्यायची ती बाजारातून आणलेल्या जुडीची, घरी शिजवून.

ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे फुलंच फुलं. तेरडा, कवला, गवतात लपलेल्या भुईआमऱ्या. सांगायला लागले तर थांबणार नाही, म्हणून सांगतच नाही. चौकोन घाला आणि बघा.

ऑक्टोबरात ऊन चटकतं, माणसं कमी येतात. नोव्हेंबरात पुन्हा जोर धरतो, कारण ५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला डॉ. सालिम अलींचा. शाळांना कार्यक्रम हवाच असतो, त्यांना तुमची वाट दाखवा. तोवर थंडीचे पाहुणे आलेले असतात. धोबी पक्षी शेपटी खालीवर करत खाणीच्या पाण्याकडे फिरतो, तो लहान मुलांनाही ओळखता येतो. डिसेंबर-जानेवारी पक्ष्यांसाठी ठेवा.

फेब्रुवारी माझा लाडका. पळस, पांगारा, काटेसावर, गणेर, सगळे पानं टाकून फुलतात. या महिन्यात चालू नका, एका काटेसावरीखाली बसा आणि अर्ध्या तासात फुलांवर कोण कोण आलं ते लिहा. आमची एका झाडावरची सर्वात मोठी यादी १४ प्रकारांची आहे, त्यात एक खारही आहे. याच महिन्याच्या मध्यावर चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजण्याचा कार्यक्रम असतो. किमान १५ मिनिटं मोजायचं आणि ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकायची. फी नाही, परीक्षा नाही.

मार्च ते मे पाणी आणि वणवा. वणव्याचं पुढे सांगते.

हाताने करायची कामं

नुसतं बघून लोकांचे हात शिवशिवतात, काहीतरी ‘करायचं’ असतं. तिथे घाई झाली की पुन्हा खड्डे खणले जातात. वर्षभर वाट चालल्याशिवाय आम्ही नव्या माणसाला कुदळ देत नाही.

टेकडीवर काय नको हे आधी कळायला हवं. गिरिपुष्प मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं, इथे वनखात्यानेच पूर्वी लावलं, भराभर वाढतं म्हणून. त्याला उंदीरमारीही म्हणतात. आता टेकडीचे उतारच्या उतार त्याने भरले आहेत आणि त्याच्या खाली गवत उगवताना मला फारसं दिसत नाही. पण तोडायचा अधिकार आपल्याला नाही. वृक्षतोडीला कायद्याने परवानगी लागते आणि कोणतं झाड काढायचं, त्याच्या जागी काय येऊ द्यायचं, हे खात्याचं काम आहे. आपण फक्त नोंद द्यायची.

आपल्याला जमण्यासारखं काम म्हणजे कॉसमॉस. सप्टेंबरात पुण्याच्या टेकड्यांवर केशरी-पिवळ्या फुलांचे गालिचे दिसतात, लोक त्यात बसून फोटो काढतात आणि ‘आमचं कास’ म्हणतात. तेही मेक्सिकोचं, बागेतून सुटलेलं. एक रोप शेकडो बिया टाकतं आणि आपली तेरडा-कवल्याची जागा खातं. ते मुळासकट सहज उपटतं, म्हणून मुलांनाही जमतं. पण वेळ नेमकी साधा: फूल आल्यावर, म्हणजे ओळख चुकणार नाही, आणि बी धरायच्या आत. खात्याला कळवून, हातमोजे घालून, पाऊण तास. आधी प्रत्येकाच्या हातात एक कॉसमॉसचं रोप द्या आणि ते बघून तसंच दुसरं आणायला सांगा. ओळख पटल्याशिवाय उपटायला सुरुवात नाही. पहिल्या वर्षी आमच्या एका उत्साही भाऊंनी रानातली सोनपिवळी देशी फुलंही उपटली होती. उपटलेलं तिथेच बी पडेल असं टाकू नका.

गाजरगवताला मात्र मुलांना लावू नका, अंगाला खाज सुटते. त्याची भारतातली पहिली नोंद पुण्यातलीच मानतात, १९५० च्या दशकातली. पुणेकरांना अभिमानाच्या गोष्टी पुष्कळ आहेत, ही त्यांतली नव्हे.

कचऱ्यासाठी स्वतंत्र मोहीम काढत नाही. फेरीच्या परतीच्या वाटेवर शेवटची १५ मिनिटं, दोन पोती आणि सामान तोलायचा हातकाटा. वजन वहीत लिहायचं. फुटक्या काचा फक्त मोठ्यांनी उचलायच्या. वर्षभराच्या आकड्यांचा कागद घेऊन आम्ही महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो, तेव्हा पायथ्याला कचऱ्याचा डबा लागला. त्याआधी तीन वर्षं तोंडी विनंत्या केल्या होत्या.

वणवा. ‘गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं’ हे अजून ऐकू येतं, आणि कुणाची विडीही पुरते. फेब्रुवारीपासून आम्ही चालताना डोळा ठेवतो. धूर दिसला तर वनखात्याच्या १९२६ वर फोन, ठिकाण नेमकं सांगायचं (थांब्यांना नावं असल्याचा इथे उपयोग होतो), आणि लहानांना घेऊन, आग आणि धूर वाऱ्याने जातात ती बाजू सोडून, खाली उतरायचं. आपण विझवायला धावायचं नाही. वाळल्या गवतातली आग चढावर माणसापेक्षा वेगाने पळते. मार्चअखेर आमच्या वाटेचा एक तुकडा जळला होता, तेव्हा आम्ही फेरी रद्द केली नाही. राखेतून चाललो. जळलेली शंखं, सरड्याचा सापळा, अर्धवट भाजलेलं अंडं. कोणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून आधीच मोकळा केलेला पट्टा, काढायला खात्याने हात मागितले, तेव्हा त्या दिवशीचे सगळेच्या सगळे आले.

मोरांना धान्य टाकणाऱ्यांशी मी अजून भांडते आहे. जिंकलेली नाही.

वही

सगळ्यात महत्त्वाची वस्तू ही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची. रकाने: तारीख, निघाल्याची आणि परतल्याची वेळ, हवा, माणसं किती, थांब्याप्रमाणे काय दिसलं, काय दिसलं नाही, शंका. ‘काय दिसलं नाही’ हा रकाना माझा. मागच्या वर्षी या महिन्यात होतं आणि आता नाही, हे लिहिल्याशिवाय कळत नाही. तारीख नसलेली नोंद म्हणजे शिक्का न मारलेलं पाकीट, मी ती वहीत घेत नाही. दर फेरीच्या सुरुवातीला फाटकाशी उभं राहून मागच्या वर्षीचं त्याच महिन्याचं पान मोठ्याने वाचायचं. दोन मिनिटं लागतात आणि सगळ्यांचे डोळे कामाला लागतात.

या नोंदी घरात कुजू देऊ नका. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. तुमच्या वहीची प्रत त्या समितीला द्या, पोच घेऊन. गावात तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा की नोंदवही कुठे आहे. बघायला मागा.

एक गोष्ट मात्र वहीत आणि ग्रुपवर वेगळी ठेवायची, आणि ती मी चूक करून शिकले. चौथ्या वर्षी खाणीच्या कठड्याजवळ टिटवीने उघड्या खडीत चार अंडी घातली होती. खडीसारखीच ठिपक्यांची, पाय पडेपर्यंत दिसू नयेत अशी. मी आनंदाने फोटो टाकला आणि खाली ‘कठड्यापासून वीस पावलांवर’ असं लिहिलं. दोन दिवसांत तो फोटो कुठून कुठे गेला देव जाणे. रविवारी तिथे मोठ्या कॅमेऱ्यांची रांग होती आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत नुसती ओरडत होती. पुढच्या आठवड्यात अंडी नव्हती. कुत्र्याने खाल्ली की मुंगसाने, सांगता येणार नाही, पण तिथवर वाट आमच्या चपलांनी पाडून दिली होती. मी मुलांसमोर ते कबूल केलं. त्या दिवसापासून घरट्याचा फोटो नाही, ठिकाण ग्रुपवर नाही, पक्ष्यांना बोलवायला मोबाइलवर त्यांचे आवाज लावणं नाही. फक्त वहीत लिहायचं.

गेल्या एप्रिलला माझा गुडघा धरला. फेरी रद्द करावी का असा विचार करत होते, तर पहिल्या वर्षी चौथीत असलेली आणि आता नववीत गेलेली मुलगी घरी आली आणि वही मागून घेऊन गेली. अकरा माणसं गेली, सव्वाआठला परतली. संध्याकाळी वही माझ्या दाराशी ठेवलेली होती. अक्षर नीट, वेळा बरोबर, हवा, माणसं, कचरा साडेतीन किलो. खालच्या ओळीत ‘टिटवी, अंडी ३’ एवढंच. थांबा लिहिला नव्हता. मी फोन करून विचारलं, ‘अगं, कुठे ते राहिलं लिहायचं.’

‘राहिलं नाही, आजी,’ ती म्हणाली. ‘वही फाटकाशी सगळ्यांच्या हातात फिरते ना.’